विहीर आटली, की लाईट गेली? आत्मिक कोरडेपणाचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्याच मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं. ज्यांचं आहे त्यांनी हा मजकूर वाचून परवानगी दिली आहे. नाव बदललंय, गाव सांगितलेलं नाही, एकदोन तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केलेत. पाळक म्हणून सल्ला देणारा मी होतो, आणि पहिल्या दोन महिन्यांत नुकसान केलं तेही मीच. ते झाकून लिहायचं असतं तर लिहायला बसलोच नसतो.

पार्श्वभूमी

प्रभाकरभाऊ, वय ५४. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून. घर चौथ्या पिढीचं ख्रिस्ती. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, त्यामुळे आमच्या भागात अशी घरं पुष्कळ. पणजोबांचा बाप्तिस्मा, आजी बायबलबाई, गावोगाव पायी फिरून बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवणारी. आई शिक्षिका. भाऊ उपासनेत पेटी वाजवतात, त्याला तीस वर्षं झाली. कवी ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि नगरला येऊन त्यांनी मराठी मंडळ्यांच्या तोंडी मराठी पदं दिली. ती पदं भाऊ ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक न उघडता वाजवतात. पेटीखेरीज रविवारची मुलांची शाळा आणि पंच कमिटीचं खजिनदारपद हेही त्यांच्याकडेच. लहान मंडळीत असंच होतं. जो नाही म्हणत नाही त्याच्याकडे सगळं जातं.

त्यांची आई, सगळ्या मंडळीची आक्का, जानेवारी २०२२ मध्ये न्यूमोनियाने गेली. वय ८४. दोन खोल्यांचं घर, मधे एक विटांची भिंत. आक्का पहाटे साडेचारला उठून मोठ्याने प्रार्थना करायची. ऐकू कमी येत असल्यामुळे तिचं ‘हळू’ म्हणजे शेजाऱ्यांनाही कळण्याइतकं. नावांची यादी असायची. यादीत माणसं तर होतीच, शेजारच्या मुलाण्यांची आजारी म्हैसही होती.

आक्का दवाखान्यात असताना बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने खाटेजवळ उभं राहून जाहीर केलं होतं, “आक्का उठून चालणार आहे, प्रभूने मला दाखवलंय.” चौथ्या दिवशी ती गेली. अंत्यविधीला पेटी कोण वाजवणार हा प्रश्न आला, तेव्हा भाऊ स्वतःच जाऊन बसले. मीही बसू दिलं. किती भक्कम माणूस, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

अडचण काय होती

२०२३ चा राख बुधवार, ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस, २२ फेब्रुवारीला होता. त्यानंतरच्या रविवारी उपासना सुटल्यावर भाऊ मागे रेंगाळले. पेटीचा भाता मिटला, चाप लावला, वर कापड टाकलं, कापडाच्या सुरकुत्या काढल्या. मग म्हणाले, “पाळकसाहेब, पाच मिनिटं आहेत का?”

त्यांनी सांगितलं ते असं. वर्ष होऊन गेलं, प्रार्थना होत नाही. म्हणजे करतात, तोंड चालतं. “भाता हलतोय, पट्टी दाबलीय, पण सूर बोलत नाही. नुसती हवा जातेय.” शास्त्र उघडलं की अक्षरं दिसतात, पुढे काही नाही. मुलांना यहोशवाची गोष्ट सांगताना मधेच वाटलं, आपण हे कुणाचं तरी सांगतोय. प्रभुभोजन घेताना काहीच हललं नाही, आणि काहीच हललं नाही याची भीती मात्र वाटली. शेवटी ते जे बोलले ते मला पाठ झालंय: “विहीर आटलीय की लाईट गेलीय, तेच कळत नाही.”

आमच्याकडचा शेतकरी हा प्रश्न रोज सोडवतो. मोटर पाणी टाकत नसेल तर आधी बघतो, लाईट आहे का. लाईट नसेल तर थांबतो, दुसरं काम करतो. विहीरच आटली असेल तर खोल खणतो, नाहीतर दुसरीकडे बोअर घेतो. आधी कारण, मग उपाय. भाऊंनी नेमका हाच फरक मला विचारला होता. मी लाईट आहे की नाही ते न बघता कुदळ हातात घेतली.

पहिला प्रश्न मी विचारला: काही लपवलेलं पाप आहे का? प्रश्न चुकीचा नव्हता. बायबलच्या बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद सांगतो, मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. भाऊंनी विचार करून सांगितलं की आठ वर्षांपूर्वी एका मित्राची दोन दिवसांची हजेरी खोटी लावली होती, पुढे साहेबांना सांगून ती दुरुस्तही केली. इथे मी थांबायला हवं होतं. मला ते पुरेसं वाटलं नाही. एवढ्या कोरडेपणाला एवढंसं कारण कसं असेल, म्हणून मी तासभर उकरत बसलो. माणूस प्रामाणिक असला की उकरल्यावर काहीतरी निघतंच. ते उठले तेव्हा आले होते त्याहून जड होऊन गेले.

आईबद्दल मी एक शब्दही विचारला नाही. वर्ष झालं होतं, मला वाटलं झालं असेल.

पहिला उपाय आणि त्याचं काय झालं

मी एकवीस दिवसांचा उपास सांगितला: पहाटे पाचला उठून तासभर प्रार्थना, रोज तीन अध्याय, जेवण फक्त रात्री. ५ मार्चपासून २५ मार्चपर्यंत. कारखान्याचा हंगाम चालू होता आणि भाऊंना आठवड्याआड रात्रपाळी होती, हे मला माहीत होतं. तरी सांगितलं. दहाव्या दिवशी टाइम ऑफिसात चक्कर आली. त्यांनी मला कळवलं नाही आणि उपास सोडला नाही.

एकविसाव्या दिवशी, शनिवारच्या प्रार्थनासभेत, मी त्यांना साक्षीला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभं केलं. आधी विचारलं नव्हतं. चाळीसेक माणसं होती. भाऊ उठले, टोपी हातात घेतली आणि म्हणाले, “प्रभूने मला पुन्हा भरलं आहे.” लोक हालेलुया म्हणाले. मी त्यावर शास्त्रभागही वाचला.

झावळ्यांचा रविवार झाला, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) झाला, ९ एप्रिलला पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) झाला. भाऊ प्रत्येक वेळी पेटीवर होते. सोमवारी सकाळी ते माझ्या दारात आले. हातात मंडळीच्या तिजोरीच्या किल्ल्या आणि पेटीच्या कपाटाची किल्ली, दोन्ही एका सुतळीत.

“मंडळीत उभा राहून खोटं बोललो, साहेब. ज्याला एवढं खोटं बोलता येतं त्याने पेटीवर बसू नये.”

वहिनींकडून नंतर कळलं, साक्षीच्या रात्रीपासून ते नीट झोपले नव्हते.

समोर असलेले पर्याय

किल्ल्या टेबलावर होत्या. त्या घ्यायच्या की परत द्यायच्या, हा पहिला खरा निर्णय होता. खरं सांगायचं तर मनात पहिला विचार आला तो भाऊंचा नव्हता. दुसरा पेटी वाजवणारा कुठे मिळणार, हा होता. म्हणून मी किल्ल्या घेतल्या नाहीत आणि परतही दिल्या नाहीत. “आठ दिवस इथेच असू देत,” म्हणालो. त्या आठ दिवसांत इतरांनी आपापले उपाय सांगून झाले.

मेहुण्यांचं म्हणणं, पुण्याला मोठी आरोग्यसभा आहे, प्रार्थनेने बरं करण्याची, तिथे डोक्यावर हात ठेवून घ्या. वहिनींच्या माहेरचे कॅथलिक; त्यांनी सुचवलं की सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला चला, तिथे मन हलकं होतं. मंडळीच्या एका वडिलांचं (एल्डरचं) मत होतं की एकवीस दिवस कमी पडले, चाळीस करायला हवे होते. धाकट्या मुलाचं मत सगळ्यात सोपं होतं: पप्पांनी सगळं सोडून सहा महिने साधं मंडळीत मागच्या बाकावर बसावं.

आरोग्यसभेला मी नाही म्हणालो. सभा वाईट म्हणून नव्हे. ज्या माणसाला एका खोट्या जाहीर शब्दाने जखम झालीय आणि दुसरा खोटा जाहीर शब्द त्याने स्वतः बोललाय, त्याला पुन्हा स्टेजवर नेणं मला धोक्याचं वाटलं. (आक्काच्या खाटेजवळच्या त्या भाकिताची गोष्ट मला तेव्हाच आठवली, तीही मेहुण्यांनी आठवण करून दिल्यावर.) यात्रेला जायचं की नाही हे त्यांच्यावर सोडलं, ते गेले नाहीत. मुलाचा पर्याय मला सगळ्यात शहाणा वाटत होता आणि जवळजवळ तोच ठरला होता.

तो बदलला एका जेझुइट (कॅथलिकांच्या येशू संघाच्या) फादरांमुळे. शेजारच्या तालुक्यात असतात, वय ऐंशीच्या घरात, मराठी माझ्यापेक्षा बरं. पाळकाने फादरकडे जाणं आमच्याकडे अजूनही थोडं भुवया उंचावणारं आहे. मी गेलो. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची. त्यांच्या आत्मिक साधनेच्या नियमांना १५४८ मध्ये रोमची मान्यता मिळाली. त्यात एक नियम आहे: उजाड काळात कोणताही जुना निर्णय बदलू नये, मन भरलेलं असताना जे ठरवलं होतं त्यावर टिकून राहावं. कारण त्या काळात सल्ला देणारा आवाज कुणाचा असेल सांगता येत नाही. त्याच नियमांत कोरडेपणाची तीन कारणं दिली आहेत. एक आपला आळस. दुसरं, आधाराशिवाय आपण किती चालतो याची पारख. तिसरं, गोडी ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून. मी पहिल्या कारणावरच अडकलो होतो. मी फादरांशी थोडा वाद घातला, की इग्नेशियस तर अशा वेळी प्रार्थना थोडी वाढवायलाही सांगतात. ते हसले. “थोडी. तासाची असेल तर चार मिनिटं जास्त बसा, असं. तुम्ही तर त्याला बैलासारखा जुंपला.”

दुसरी गोष्ट जॉन ऑफ द क्रॉस यांची. या स्पॅनिश कार्मेलाइट संन्याशाला त्याच्याच संघाच्या लोकांनी डिसेंबर १५७७ पासून नऊएक महिने तोलेदोला कोंडून ठेवलं होतं. आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीवर त्यांनी लिहिलं, त्यात ती रात्र ओळखायच्या तीन खुणा आहेत. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, आणि जगाच्या गोष्टींतही नाही. आपण देवापासून मागे पडतोय याची सारखी चिंता. आणि पूर्वीसारखं मनन जमतच नाही. निष्काळजी माणसाला दुसरी खूण नसते. त्याला चिंता कसली? फादरांनी हेही सांगितलं की जॉन स्वतः उदासीनतेच्या आजाराचा वेगळा उल्लेख करतात, तो आणि ही रात्र एकत्रही असू शकतात. “म्हणून आधी डॉक्टर,” फादर म्हणाले.

निघताना त्यांनी विचारलं, “तो प्रार्थना कोणाबरोबर करायचा?”

मला माहीत नव्हतं.

भिंत

मेच्या शेवटी मी भाऊंच्या घरी गेलो आणि तोच प्रश्न विचारला. ते काही न बोलता मला आक्काच्या खोलीत घेऊन गेले. खाट, लोखंडी कपाट, कोपऱ्यात शेगडी, चष्म्याचं घर. भिंतीवर हात ठेवून म्हणाले, “इकडे ती. तिकडे मी. लहान होतो तेव्हापासून. ती सुरू झाली की मला जाग यायची. मी माझं पांघरुणातच करायचो. साहेब, मी एकट्याने प्रार्थना कधी केलीच नाही. ती वर काढायची, मी भरून घ्यायचो.”

मग खाटेवर बसले आणि वर्षभरात पहिल्यांदा ते भाकीत बोलले. प्रचारकाचा राग नव्हता, तो बिचारा त्याच्या उत्साहात. राग दुसऱ्यावर होता. “त्या रात्री मी देवाला म्हणालो, तू बोललायस ना, मग उठव. मी विश्वास ठेवला. पूर्ण ठेवला. आता मला त्याला विचारायचंय. पण विचारलं आणि काहीच उत्तर आलं नाही, तर मग माझ्याकडे काय राहिलं?”

म्हणून ते विचारत नव्हते. विचारत नव्हते म्हणून दुसरंही काही बोलता येत नव्हतं. घरातल्या माणसाशी आपण अबोला धरतो तेव्हा ‘मीठ दे’ हेही म्हणवत नाही, तसं.

मी नंतर फादरांना फोनवर हे सांगितलं, तेव्हा त्यांनी पुण्याच्या एका जुन्या प्राध्यापकांची आठवण काढली. जोसेफ नॉयनर, ऑस्ट्रियाचे जेझुइट, पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात शिकवायचे. १९६१ च्या सुमारास मदर तेरेसांनी आपला आतला अंधार त्यांना लिहून कळवला होता. ही पत्रं २००७ मध्ये छापली गेली तेव्हा जगाला आश्चर्य वाटलं. नॉयनर यांचं उत्तर थोडक्यात असं: यावर माणसाच्या हातात उपाय नाही, म्हणून स्वतःला दोषी धरू नका, देव जाणवणं हाच त्याच्या असण्याचा एकमेव पुरावा नाही, आणि त्याच्यासाठी जीव तळमळतोय ही तळमळच तो असल्याची खूण आहे. मी हे भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, “मदर तेरेसांना ठीक आहे. मला पगार आणायचाय.” मी पुन्हा संतांची उदाहरणं दिली नाहीत.

केलेल्या गोष्टी

डॉक्टरकडे गेले. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर निघाली. म्हणजे मी ज्याला उपास करायला लावला होता त्याला मधुमेह होता आणि दोघांनाही पत्ता नव्हता. औषध सुरू झालं. नगरला एका मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवलं. त्यांनी तासभर ऐकलं, झोप, भूक, कामातलं लक्ष, मरणाचे विचार, सगळं विचारलं. म्हणाले, दुःख अजून ओलं आहे, आत्ता गोळीची गरज दिसत नाही, पण झोप पुन्हा गेली तर लगेच या. दीड महिन्याने ते पुन्हा जाऊन आले. कुणी कोरडेपणाची तक्रार घेऊन आलं की हे पाऊल सगळ्यात आधी टाकावं, इतकं आता मला स्पष्ट आहे.

किल्ल्यांचा निर्णय असा झाला. निर्णय आणि ओझं या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या. पेटी हा त्यांचा तीस वर्षांपूर्वीचा निर्णय, तो उजाड काळात मोडायचा नाही. खजिना आणि मुलांची शाळा ही आम्ही लादलेली ओझी, ती उतरवायची. सुतळी सोडून मी पेटीची किल्ली परत दिली. अट एकच: वाजवायचं, भरून आल्याचा चेहरा करायचा नाही.

खोट्या साक्षीचं काय करायचं, यावर आमचं जुळत नव्हतं. त्यांना उभं राहून कबूल करायचं होतं. मला वाटलं, खोटं त्यांच्या तोंडून गेलं असलं तरी ते तिथवर मी ढकललं होतं. शेवटी प्रार्थनासभेत मीच सांगितलं: मी भाऊंना न विचारता साक्षीला उभं केलं, ते माझं चुकलं, त्यांचा काळ अजून अवघड चालू आहे, आपण वाट पाहू. एका वडिलांनी बाहेर आल्यावर सुनावलं, पाळकाने असं बोलू नये, मान राहत नाही. असेलही. पुढच्या महिन्यात तिघांनी मला खासगीत येऊन सांगितलं, साहेब, आमचंही असंच आहे. त्यातले एक तेच वडील.

मग प्रार्थना. स्वतःच्या शब्दांत करायचीच नाही, असं ठरलं. १ जूनपासून रोज एक स्तोत्र, पहिल्यापासून ओळीने, आक्काच्या खोलीत, मोठ्याने. जितकं ती मोठ्याने म्हणायची तितकं. आवडलं नाही तरी तेच, वगळायचं नाही, त्यावर मनन करायचं नाही, अर्थ काढायचा नाही. दहा मिनिटं, घड्याळ समोर ठेवून. एकशे एकोणिसावं १७६ वचनांचं, ते रोज आठ-आठ वचनं करून बावीस दिवसांत. स्तोत्रच का, तर दीडशेंपैकी कितीतरी स्तोत्रं ही सरळ तक्रारी आहेत. तेराव्यात तर सुरुवातच ‘किती वेळ’ने. देवाशी भांडणं आपल्या मातीला नवं नाही; वारकऱ्यांनी विठोबाला काय काय सुनावलंय, आणि टिळकांना तुकोबा किती जवळचे होते हे आमच्या घराघरांत माहीत आहे. आम्ही मिशनच्या शिस्तीत वाढलो आणि देवाशी नेहमी इस्त्रीचे कपडे घालूनच बोलायचं शिकलो, एवढंच.

आणि दाऊदमामा. वय ७८, फौजेतून निवृत्त, कमी बोलणारे. त्यांना मी सांगितलं, दर बुधवारी संध्याकाळी भाऊंकडे जाऊन बसा. उपदेश नको. त्यांनी चहा प्यायचा, आणि उठताना भाऊंसाठी दोन वाक्यांची प्रार्थना मोठ्याने करायची. भाऊंनी आमेनही म्हणायची गरज नाही. मार्काच्या शुभवर्तमानात छप्पर उसकटून चौघे पक्षाघाती माणसाला खाली सोडतात, तेव्हा येशू ‘त्यांचा’ विश्वास बघतो. खाटेवरच्या माणसाने काय विश्वास ठेवला ते तिथे लिहिलेलंच नाही.

पुढे काय झालं

जून-जुलै काहीच झालं नाही. भाऊ मला दर पंधरवड्याला सांगायचे, “वाचतोय.” एवढंच.

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र २७ ऑगस्टला आलं, रविवारी सकाळी, उपासनेआधी. सगळ्या स्तोत्रसंहितेत हे सगळ्यात काळं. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटाकडे बहुधा वळतात, ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ असं काही येतं. हे वळत नाही, अंधारातच संपतं. त्या दिवशी ते उपासनेला दहा मिनिटं उशिरा आले, तीस वर्षांत पहिल्यांदा. डोळे लाल होते. नंतर म्हणाले, “हे शास्त्रात आहे हे मला माहीतच नव्हतं. मी पानं उलटताना बघितलं असेल. पण हे असं, परंतु न लावता, देवासमोर बोलायला परवानगी आहे, हे माहीत नव्हतं.” मग थांबून, “मी तेच दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ओरडून. मुलाणी बघायला आले, काय झालं म्हणून.”

त्यानंतर सगळं भरून आलं, असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर पुन्हा कोरडे. दोनदा चार-चार दिवस खंड पडला. नोव्हेंबरच्या शेवटी पहिली फेरी संपली, दुसरी सुरू झाली.

डिसेंबरात एक लहानशी गोष्ट घडली. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, सकाळी सहाला, तेही पाऊण तास. भाऊ पहाटे आक्काच्या खोलीत उभे राहून अठरावं स्तोत्र वाचत होते. ते लांब, पन्नास वचनांचं. मधेच बाहेर नळ फसफसला. भाऊ वर बघून म्हणाले, “बास ना आता, पाणी आलं!” आणि बादली घेऊन बाहेर गेले. हांडा भरताना त्यांच्या लक्षात आलं की आपण हे कुणाला म्हणालो. दीड वर्षाहून जास्त काळात देवाशी स्वतःच्या शब्दांत बोललेलं हे पहिलं वाक्य. मला हे सांगताना ते हसत होते आणि थोडे घाबरलेलेही होते, असं बोललेलं चालतं का म्हणून.

२०२४ चा उत्तम शुक्रवार २९ मार्चला होता. क्रूसावरच्या सात शब्दांची तीन तासांची उपासना. चौथ्या शब्दाच्या वेळी, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ या शब्दाच्या वेळी, मी भाऊंना बाविसावं स्तोत्र वाचायला सांगितलं. येशूचे ते शब्द त्याच स्तोत्राची पहिली ओळ. या वेळी आधी विचारलं, आणि नाही म्हणायला आठ दिवस दिले. ते पेटीवरून उठले नाहीत. भात्यावर हात तसाच ठेवून, बसूनच वाचलं. साक्ष नाही, भाष्य नाही. मंडळी फार शांत होती.

आज त्यांचं म्हणणं असं: “लाईट येते-जाते. पूर्वीसारखी नाही.” आठवड्यातले दोन-तीन दिवस काहीतरी हलतं, बाकी नाही. साखर ताब्यात आहे. मुलांची शाळा त्यांनी परत घेतली नाही, एका तरुण मुलीकडे गेली आणि ती त्यांच्यापेक्षा चांगली घेते.

आज हेच प्रकरण आलं तर

पाप आहे का हे मी आजही विचारीन, पण पहिलं नाही, आणि एकदाच. आधी विचारीन: झोप कशी आहे, रक्त तपासलंय का, या दोन वर्षांत कोण गेलं, आणि तुम्ही प्रार्थना कोणाबरोबर करायचात. हा शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यातला नव्हता, हे पुन्हा नमूद करतो.

साक्षीला कुणालाही न विचारता उभं करणार नाही. ‘बरं झालं’ अशीच साक्ष आम्ही ऐकून घेतो, आणि म्हणून लोक तशीच देतात. आता शनिवारी कुणी ‘अजून वाट पाहतोय’ असं म्हणालं तरी आम्ही आमेन म्हणतो. सुरुवातीला ते विचित्र वाटायचं.

सगळ्यात मोठी चूक मात्र फेब्रुवारी २०२३ ची नाही, जानेवारी २०२२ ची. खाटेजवळचं ते भाकीत खोटं ठरलं, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. मी अंत्यविधीत त्याबद्दल एक वाक्य बोलायला हवं होतं: ते देवाचं बोलणं नव्हतं, माणसाचं होतं. पाहुण्या प्रचारकाचा मान राखायला मी गप्प बसलो, आणि तो हिशेब मुलाने वर्षभर एकट्याने देवाकडे थकवून ठेवला. त्या दिवशी त्याला पेटीवरून उठवून आईजवळ बसवायला हवं होतं. पद विनासाथ म्हणता आलं असतं.

स्तोत्रांमुळे फरक पडला, औषधाने पडला, दाऊदमामांनी पडला की नुसत्या दिवसांनी, हे मला वेगळं काढता येत नाही. भाऊंना विचारलं तर ते दाऊदमामांचं नाव घेतात. मामांना विचारलं तर ते चहाचं.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. आक्काची नावांची यादी तिच्या चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलेली होती. वर्षभर त्यांनी तिला हात लावला नव्हता. आता ती भिंतीवर चिकटवलीय, खाली त्यांच्या अक्षरात आणखी सहा नावं. त्यात माझंही आहे. वरच्या नावांपैकी निम्मी माणसं आता नाहीत, आणि मुलाण्यांनी म्हैस तर केव्हाच विकली. खोडलेलं मात्र एकही नाही.